एका व्याधीचीं दोन टोकें

सन १७२१ मध्यें इटलींतील पादुआ विद्यापीठाचे वैद्यकाचे अध्यापक आंतोनिओ वालिस्नेरी यांनीं मनुष्याच्या व इतर प्राण्यांच्या उत्पत्तीसंबंधीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत शेतकरी कुळांतील एका तरुण विवाहित स्त्रीचें वर्णन ओझरतें आलें आहे. ही स्त्री अंगानें बेताची स्थूल होती, तिला मूल झालेलें नव्हतें, आणि तिचे दोन्ही बीजांडकोश नेहमींपेक्षां मोठे, पांढुरके व चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे दिसत होते. वर्णन एवढेंच आहे. परंतु त्यांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं येऊन बसल्या आहेत: देहाची स्थूलता आणि बीजांडकोशाची विकृति. ज्या व्याधीला घरोघर पी.सी.ओ.एस. किंवा पी.सी.ओ.डी. या आद्याक्षरांनीं ओळखतात, तिचीं हीं दोन टोकें होत. त्या दोहोंना जोडणारा धागा हातीं लागावयास पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आणि मधल्या काळांत अशा स्त्रियांनीं जें सोसलें त्याचा बराचसा भाग या विलंबाच्या खातीं मांडावा लागेल.

ही व्याधि ओळखावी कशी? पाळी दोन-दोन, चार-चार महिने लांबते. हनुवटीवर व ओठांवर केंस दिसूं लागतात. तारुण्यपीटिका वय वाढलें तरी जात नाहींत. वजन वाढतें आणि वाढलेलें उतरत नाहीं. लग्नानंतर अपत्यप्राप्तीस विलंब लागतो. प्रत्येकीस सगळींच लक्षणें होतात असें नाहीं, आणि येथेंच पहिली अडचण उभी राहते. पाळीसाठीं एक डॉक्टर, त्वचेसाठीं दुसरा, रक्तांतील साखरेसाठीं तिसरा, अशी एकाच देहाची वांटणी होते. वजन तेवढें कोणाच्याच वांट्यास न येतां त्या स्त्रीच्याच माथीं राहतें. कमी खा आणि फिरावयास जा, हा उपदेश मात्र तिला प्रत्येक दारांत ऐकावा लागतो.

स्थूल माणसास दोष देण्याची रीत फार जुनी आहे. हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या हवा, पाणी व स्थलें यांवरील ग्रीक निबंधांत सिथियन लोकांच्या स्त्रियांना संतति कमी कां होते याची चर्चा आहे. तेथें त्यांच्या मेदास व बैठ्या राहणीस कारण ठरविलें असून, काबाडकष्ट करणाऱ्या त्यांच्या कृश दासींना मात्र लवकर दिवस जातात असा दाखला जोडला आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच मुळीं ‘अष्टौनिन्दितीय’ असें आहे. शरीरावरून निंदिले जाणारे जे आठ प्रकारचे लोक तेथें मोजले आहेत, त्यांत अतिस्थूल आहे आणि अतिलोमा, म्हणजे अंगावर फार केंस असलेला, हाहि आहे. या व्याधीच्या स्त्रीस हीं दोन्ही दूषणें एकदम लागूं पडावीं, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! परंतु चरकास न्याय द्यावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, स्थूलतेचीं कारणें सांगतांना त्यानें अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसा झोंप यांबरोबर ‘बीजस्वभाव’ हेंहि एक कारण दिलें आहे. मेद हा केवळ ताटांतून येत नाहीं, कांहीं अंशीं तो जन्माबरोबर येतो, ही जाणीव त्या शब्दांत आहे. पुढें ती पुष्कळांच्या स्मरणांतून गेली.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत या प्रश्नाचा ताबा शस्त्रवैद्यांनीं घेतला. १८४४ च्या सुमारास फ्रान्समध्यें शेरो यांनीं कठिण झालेल्या, बारीक पुटकुळ्यांनीं भरलेल्या बीजांडकोशांचें वर्णन केलें. १८७२ साली अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत डॉ. रॉबर्ट बॅटी यांनीं बीजांडकोश समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रचारांत आणली, आणि नाना तऱ्हेच्या तक्रारींवर ती सर्रास होऊं लागली. त्यांत निरोगी अवयवहि किती गेले असतील याची कल्पना करवत नाहीं.

विसाव्या शतकांत १९२१ हें वर्ष मोठें विलक्षण उगवलें. त्या वर्षीं पॅरिसमध्यें आशार व तिएर या दोन वैद्यांनीं एका निबंधांत दाढी आलेल्या व मधुमेह जडलेल्या स्त्रीचें वर्णन केलें, आणि ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ असें त्या विकारास नांव दिलें. ज्या काळीं अशा स्त्रियांना जत्रेंत व सर्कशींत तिकीट लावून दाखवीत, त्या काळीं त्यांच्या चेहऱ्यावरील केंसांचा रक्तांतील साखरेशीं संबंध असेल हें कोणास सुचावें, हीच मोठी गोष्ट होय. मात्र त्या दोघांची नजर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींकडे वळलेली होती. बीजांडकोश बाजूस राहिले. त्याच वर्षीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडांतून इन्शुलिन काढण्याच्या खटपटींत होते. जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा अभाव, हें समीकरण त्या दिवसापासून लोकांच्या मनांत रुजलें. तें अर्धेंच खरें होतें, आणि त्या अर्ध्या खरेपणानें पुढचा मार्ग बराच काळ अडविला.

आतां शिकागो शहराकडे वळावयाचें. तेथील मायकेल रीझ रुग्णालयांत डॉ. अर्व्हिंग स्टाइन व डॉ. मायकेल लेव्हेंथल यांच्याकडे पाळी बंद झालेल्या व मूल न होणाऱ्या स्त्रिया येत असत. त्या काळीं ध्वनिलहरींनीं पोटाचें चित्र घेण्याची सोय नव्हती. डॉ. स्टाइन पोटांत हवा भरून क्ष-किरणांनीं छायाचित्र घेत, आणि त्यांत बीजांडकोशांची आकृति स्पष्ट उमटे. कांहींजणींच्या बीजांडकोशाचा तुकडा तपासणीसाठीं कापून घेतला असतां पुढें त्यांची पाळी आपोआप सुरू झाल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. मग त्यांनीं हाच उपाय जाणूनबुजून केला. प्रत्येक बीजांडकोशाचा अर्ध्यापासून पाऊण भाग पाचरीसारखा कापून उरलेला शिवून टाकावयाचा. १९३५ साली त्यांनीं अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सातहि जणींची पाळी नियमित झाली व दोघींना दिवस गेले. तीस वर्षांवर या व्याधीस ‘स्टाइन-लेव्हेंथल विकार’ याच नांवानें ओळखीत.

या यशाची एक बाजू फारशी कोणी पाहिली नाहीं. त्या सात जणी सर्वच स्थूल नव्हत्या. म्हणजे मेद हें व्याधीचें एकमेव मूळ नव्हे, याचा पुरावा पहिल्याच निबंधांत होता. परंतु शस्त्रानें काम भागत होतें, आणि काम भागलें म्हणजे कारण शोधण्याची निकड राहत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पोटांत आंतले अवयव एकमेकांस चिकटून नवाच अडथळा उत्पन्न होई, हें कालांतरानें कळून आलें. १९६१ मध्यें अमेरिकेंत ग्रीनब्लाट यांनीं क्लोमिफीन या गोळीनें बीज सुटूं लागतें असें दाखविलें, तेव्हां सुरीची गरज बरीच कमी झाली. साखर व वजन मात्र जेथल्या तेथें राहिलें.

दुसऱ्या टोंकाला, मधुमेहाच्या अभ्यासांत, निराळेंच काम चाललें होतें. १९३६ साली लंडनमध्यें हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं मधुमेही माणसांचे दोन वर्ग पाडले. कांहींचें शरीर टोंचलेल्या इन्शुलिनला चटकन् दाद देतें, कांहींचें देत नाहीं. १९४७ साली मार्सेय येथील डॉ. जाँ व्हाग यांनीं मेदाच्या स्थानाकडे लक्ष वेधलें. पोटाभोंवतीं जमणारा पुरुषी वळणाचा मेद आणि कमरेखालीं जमणारा स्त्रैण वळणाचा मेद असे दोन प्रकार त्यांनीं केले, व मधुमेहाचा संबंध पहिल्याशीं जोडला. तराजू नुसतें वजन सांगतो, मेद कोठें बसला आहे तें सांगत नाहीं. हा मुद्दा आजहि पुष्कळ दवाखान्यांत विसरला जातो.

परंतु खरी चावी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तयार झाली. पदार्थविज्ञानाच्या पदवीधर रोझलिन यालो व डॉ. सॉलोमन बर्सन या दोघांनीं किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्यानें रक्तांतील इन्शुलिन अचूक मोजण्याची रीत शोधून काढली व १९६० मध्यें ती सविस्तर मांडली. तोंपर्यंत इन्शुलिनविषयीं जे तर्क होते ते न मोजतां केलेले होते. मोजूं लागतांच आढळलें कीं, प्रौढपणीं मधुमेह जडलेल्या पुष्कळांच्या रक्तांत इन्शुलिन कमी नसून उलट जास्तच असतें. शरीर त्याची आज्ञा ऐकत नाहीं, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक मोठ्यानें ओरडत राहतें, असें म्हणतां येईल. डॉ. बर्सन १९७२ मध्यें वारले; यालोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालें.

ही मोजणी बीजांडकोशाच्या व्याधीस लावण्याचें श्रेय टेनेसी संस्थानांतील मेम्फिस येथील बर्गेन, गिव्हेन्स व किताबची या तिघांस आहे. १९८० साली त्यांनीं दाखविलें कीं, या स्त्रियांत इन्शुलिन जितकें अधिक तितका पुरुषी अंतःस्रावहि अधिक. दोन्ही टोकें प्रथमच एका गांठींत आलीं. यांतील कार्यकारणभाव पुढील वर्षांत उलगडत गेला. वाढलेलें इन्शुलिन बीजांडकोशास पुरुषी अंतःस्राव जास्त निर्माण करावयास लावतें. त्याच वेळीं यकृतांत तयार होणारें, या अंतःस्रावास बांधून ठेवणारें एक प्रथिन तें कमी करतें. त्यामुळें मोकळा अंतःस्राव रक्तांत वाढतो, केंस व पीटिका येतात, आणि बीजाच्या पुटिका अर्ध्या वाटेवरच थांबतात. चित्रांत ज्या ‘गांठी’ दिसतात त्या बहुधा या थांबलेल्या पुटिकाच होत. त्यांना गांठी म्हणून बायकांना उगाच घाबरविण्यांत आलें आहे. इकडे अधिक इन्शुलिन मेद सांठवण्यास मदत करतें, सांठलेला मेद शरीरास इन्शुलिनविषयीं अधिक बहिरें करतो, आणि चक्र पुन्हां फिरतें. १९८९ मध्यें न्यूयॉर्कच्या डॉ. आंद्रेआ ड्युनेफ यांनीं आणखी एक गोष्ट सिद्ध केली. सडपातळ असूनहि ही व्याधि असलेल्या स्त्रियांत हा बहिरेपणा असतो. स्थूलता आली कीं तो दुणावतो. मेद हा या व्याधीचा बाप नव्हे, तर भागीदार आहे.

औषधाची कथा युरोपांतील कुरणांत उगवणाऱ्या जांभळ्या फुलांच्या एका झुडपापासून सुरू होते. त्याचें शास्त्रीय नांव गॅलेगा. त्यांतील द्रव्य साखर उतरवतें पण विषारी आहे, असें कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचे सौम्य भाईबंद शोधले. मेटफॉर्मिन १९२२ साली प्रथम तयार झालें, पण इन्शुलिनच्या जयघोषांत तें विसरलें गेलें. १९५७ मध्यें पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनीं तें मधुमेह्यांना दिलें. अमेरिकेंत तें विक्रीस यावयास १९९५ साल उजाडलें. ही गोळी बीजांडकोशाच्या व्याधीस देऊन पाहण्याचें धाडस १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कामांत व्हेनेझुएलांतील मेरिदा गांवच्या वैद्यांनीं केलें, व पाळी सुधारल्याचें सांगितलें. त्यानंतर कांहीं वर्षें मेटफॉर्मिन म्हणजे रामबाण, अशी हवा झाली. २००७ साली ६२६ स्त्रियांवरील एका अमेरिकन प्रयोगानें ती हवा उतरविली. नुसत्या मेटफॉर्मिननें जिवंत मूल झालेल्यांचें प्रमाण शेंकडा ७.२, नुसत्या क्लोमिफीननें २२.५ आणि दोहोंनीं मिळून २६.८ भरलें. मूल हवें असेल तर बीज सोडणारी गोळी श्रेष्ठ. साखर व दीर्घकाळची प्रकृति यांसाठीं मेटफॉर्मिनचें स्थान निराळें. २०१४ मध्यें लेट्रोझोल हें औषध क्लोमिफीनहूनहि सरस ठरलें.

आणि वजन? ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड येथें १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग या बाबतींत फार बोलका आहे. मूल न होणाऱ्या स्थूल स्त्रियांना तेथें एकत्र जमवून सहा महिने आहार, व्यायाम व गप्पागोष्टी यांचा कार्यक्रम दिला. पुरा करणाऱ्या तेरा जणींचें वजन सरासरी ६.३ किलोच उतरलें. पण त्यांतील बारा जणींचें बीज पुन्हां सुटूं लागलें व अकराजणींना दिवस गेले. ऐंशी किलोच्या स्त्रीनें पन्नास किलोवर यावें अशी अट शरीर घालीत नाहीं. शेंकडा पांच ते दहा एवढी घटहि इन्शुलिनचा आवाज खालीं आणण्यास पुष्कळदां पुरते. हें तिला सांगितलें जात नाहीं. सांगितलें जातें तें अशक्य कोटींतलें, आणि तें साधलें नाहीं म्हणजे दोष तिच्या जिभेवर ढकलला जातो. मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानें २०२३ साली सुधारून निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंत वजनावरून होणाऱ्या या हेटाळणीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून दुखणें किती सार्वत्रिक आहे तें दिसून येईल.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध येतो तो सडपातळ माणसांच्या वाटेनें. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत आपल्या दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याच्या रीतीनें दोघांचाहि आंकडा २२.३ असा एकच. पण शरीरांतील मेद मोजला तेव्हां युडकिन यांचा शेंकडा ९.१ व याज्ञिक यांचा २१.२ निघाला! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांवरील अभ्यासांतहि हेंच दिसलें. वजनानें इंग्रज बालकांहून कितीतरी हलकीं, पण मेद राखून असलेलीं. चरकाच्या ‘बीजस्वभाव’ या शब्दाची येथें आठवण व्हावी. मुंबईंत परळच्या राष्ट्रीय प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेच्या मंडळींनीं तरुण मुलींची पाहणी करून २०१४ मध्यें जी माहिती दिली, तींत या व्याधीच्या मुलींपैकीं बहुसंख्य स्थूल नव्हत्या. त्याच पाहणींत व्याधीचें प्रमाण एका व्याख्येनें शेंकडा २२.५ तर दुसरीनें १०.७ आलें. २००३ साली रॉटरडॅम येथें ठरलेली व्याख्या तीन खुणांपैकीं कोणत्याहि दोन मागते. दुसरी व्याख्या पुरुषी अंतःस्रावाचें आधिक्य असलेंच पाहिजे म्हणते. मुली त्याच; आंकडा मात्र दुप्पट.

शेवटीं या व्याधीबरोबर दुसरें जुनें दुखणें असलें म्हणजे काय होतें, हें पाहिलें पाहिजे. फिनलंडमधील ऊलू येथील वैद्यांनीं १९९३ साली अपस्माराच्या, म्हणजे फेंफऱ्याच्या, २३८ स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. व्हॅल्प्रोएट हें उत्तम औषध ज्यांना विसाव्या वर्षापूर्वीं सुरू झालें होतें, त्यांपैकीं शेंकडा ऐंशीजणींत बीजांडकोशांची ही विकृति किंवा पुरुषी अंतःस्रावाचें आधिक्य आढळलें. मेंदूच्या डॉक्टरानें झटके थांबविले, आणि पाळी बिघडली ती दुसऱ्याच दवाखान्याच्या वहींत नोंदली गेली. याचा अर्थ कोणीं तें औषध आपण होऊन बंद करावें असा मुळींच नव्हे. झटक्यांनीं जीव जाऊं शकतो. अर्थ एवढाच कीं, एका डॉक्टरचा कागद दुसऱ्यानें वाचला पाहिजे. दम्यावर किंवा सांधेदुखीवर दीर्घकाळ पोटांत दिलेलीं स्टिरॉइडें वजन व साखर वाढवतात. मानसिक विकारांवरील कांहीं औषधेंहि वजन चढवतात. कंठग्रंथि मंदावली तर पाळी लांबते व अंग सुजल्यासारखें होतें, म्हणून या व्याधीचा शिक्का मारण्यापूर्वीं ती तपासून पाहतात. पाळी नियमित करणारी संमिश्र गोळी रक्तदाब वाढलेल्या स्त्रीस किंवा डोळ्यांपुढें झगझग होऊन येणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रीस सहसा देत नाहींत. मेटफॉर्मिन मूत्रपिंड फार दुबळें झालें असतां वर्ज्य. शिवाय तें वर्षानुवर्षें घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊं शकतें. शाकाहारी घरांत तें आधींच तुटपुंजें असतें, आणि पायांस मुंग्या येऊं लागल्या कीं दोष मधुमेहाला दिला जातो.

नवीं औषधें आलीं तींहि ब्रॉन्क्सच्या त्याच रुग्णालयांतून निघालेल्या वाटेनें. यालोबाईंच्या हाताखालीं तयार झालेले डॉ. जॉन इंग यांना १९९२ मध्यें अमेरिकन वाळवंटांतील गिला नामक विषारी सरड्याच्या विषांत आंतड्याच्या एका अंतःस्रावासारखें द्रव्य सांपडलें. त्यावरून पहिलें औषध २००५ साली निघालें, आणि त्याच अंतःस्रावाच्या अभ्यासांतून पुढें सेमाग्लुटाइड व टिरझेपटाइड हीं वजन उतरविणारीं टोंचणीचीं औषधें आलीं. टिरझेपटाइड मार्च २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आलें. भूक शमते, साखर उतरते, पाळीहि पुष्कळदां सुधारते. पण यांतच एक पेंच आहे. वजन उतरतांच जिचें बीज वर्षानुवर्षें सुटत नव्हतें तिला अनपेक्षित दिवस जाऊं शकतात, आणि गर्भावस्थेंत हीं औषधें घ्यावयाचीं नसतात. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधीं थांबवावें लागतें. म्हणून टोंचणी सुरू करतांनाच संततिनियमनाचें काय, मूल केव्हां हवें, रक्तदाबाची जी गोळी चालू आहे ती गर्भास चालेल कीं नाहीं, आणि टोंचणी थांबल्यावर वजन परत चढूं लागलें तर पुढें काय, हे प्रश्न मधुमेहाच्या व स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनीं एका टेबलाशीं बसून सोडवावयाचे असतात.